पुढच्या डाव्या पायाची गादी

कुत्रीला ट्रॉलीला मीच बांधलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा जवळजवळ दोन महिने मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी सिस्टर आहे. बेंबळीच्या पुढं एका गावात उपकेंद्र आहे, तिथं माझी नोकरी. बाळांना लस टोचायची, गरोदर बायकांचं वजन आणि रक्तदाब बघायचा, कुणाला विळा लागला, कुणी भाजलं तर जखम धुऊन पट्टी करायची. घर गावाबाहेर, आमच्याच शेतात, डांबरी रस्त्याला लागून. घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासरे. लेक लातूरला शिकते. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. मामा सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर रस्त्याच्या कामावर होते. खडी पसरली, डांबर ओतलं. साखरेचा आजार जुना, आणि त्यापायी त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट सोलापूरला काढावं लागलं होतं.

कुत्री त्यांची. रस्त्याखालच्या मोरीत सापडलेलं पिल्लू ते सदऱ्यात गुंडाळून घेऊन आले होते. आता ती आठ वर्षांची, तांबडी, अंगानं भरलेली. नाव असं कुणी ठेवलंच नाही. मामा “ये गं” म्हणाले की यायची. तेच आम्ही म्हणालो तर नुसती मान वर करून बघायची.

तिला एकच खोड होती. मी स्कूटी काढली की ती मागं पळत यायची. आधीच्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी ती थेट वस्तीवर आली, आणि लेकरं कडेवर घेऊन बसलेल्या बायका घाबरून उठल्या. म्हणून त्या सकाळी मी तिला अंगणात उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या मागच्या कडीला सुती दोरीनं बांधलं. ट्रॅक्टर दुरुस्तीला दिलाय, उद्या ट्रॉली हलणार नाही, असं नवरा आदल्या दिवशी म्हणाला होता. दोरी लांब ठेवली, पाण्याचं भांडं सरकवलं आणि लसीची पेटी घेऊन मी निघाले.

अकराच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. मी एका बाळाची मांडी धरून बसले होते.

“कुत्री गेली,” तो म्हणाला.

“गेली म्हणजे?”

“न्हाय, जित्ती हाय. पाय गेलाय. ये तू.”

झालं असं होतं. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन सकाळीच घरी आला. शेजारच्या शेतातून शेणखत आणायचं होतं, म्हणून यानं ट्रॉली जोडली आणि निघाला. गाणी मोठ्यानं लावलेली. मागं कुत्री बांधलेली आहे हे त्याला दिसलं नाही. ती आधी पळाली असेल, मग पडली असेल. मामा बांधावर होते. त्यांनी तिचं ओरडणं ऐकलं आणि हातातली काठी उंच करून रस्त्याकडं धावत सुटले. पायाचं बोट गेल्यापासून त्यांना मी धावताना पाहिलं नव्हतं. शाळेच्या फाटकापाशी नवऱ्यानं आरशात मामांना बघितलं आणि ब्रेक दाबला.

मी पोचले तेव्हा ती ओसरीवर आडवी होती. कुशीवर खरचटलं होतं, तीन पायांची नखं घासली होती, पण खरी जखम पुढच्या डाव्या पायाला होती. कुत्र्याच्या पंजाखाली मधोमध एक मोठी गादी असते, बदामाच्या आकाराची, आणि पुढं बोटांच्या चार लहान गाद्या. उभं राहिलं की सगळा भार त्या मधल्या गादीवर येतो. ती गादीच उरली नव्हती. डांबरानं ती घासून नेली होती. आत पांढरं, दोरीसारखं काहीतरी दिसत होतं, आणि त्यात खडीची कच रुतलेली होती.

मामा तिच्या डोक्याशी बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“कुणी बांधली व्हती हिला?” त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. घरात तिघंच. त्यानं बांधली नव्हती, मामांनी बांधली नव्हती. आणखी विचारायचं काय उरलं होतं? पण मी म्हणाले, “आधी पाणी उकळायला ठेवा.” आणि नवरा म्हणाला, “मला काय म्हाईत. म्या बघितलीच न्हाय.” त्यानं मला वाचवलं की स्वतःला, हे मला आजही सांगता येत नाही. मामा परत काही बोलले नाहीत.

सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर दुपारी आले. इंजेक्शनं दिली, जखम साफ केली आणि रोजची पट्टी माझ्यावर सोपवून गेले. मला ते बरंच वाटलं. हातानं काहीतरी करता येत होतं. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी मी तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची, जखमेवर जाळीचं औषधी कापड ठेवायची, वर कापूस, पट्टी. मामा तिचं डोकं मांडीवर धरायचे. त्या वेळी आम्ही दोघं एकमेकांच्या इतके जवळ बसलेलो असायचो की त्यांच्या श्वासातला तंबाखूचा वास मला यायचा, आणि आम्ही एक शब्द बोलायचो नाही.

तीन आठवड्यांत जखम कडेनं भरत आली. वरून गुलाबी, पातळ कातडी धरली. मी खूश झाले. पण कुत्री अंगणातून चार पावलं चालली की ती कातडी फाटायची आणि फरशीवर रक्ताचे ठसे उमटायचे. पुन्हा पट्टी, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा तेच. मग तिनं पंजा टेकवणंच सोडलं. मनगट वाकवून त्याच्यावर चालायला लागली, आणि तिथंही फोड आले. सगळा भार उजव्या पायावर पडून तोही सुजला. तिसऱ्यांदा जखम उघडली तेव्हा पट्टी सोडताच वास आला. तो वास मला ओळखीचा होता. मामांच्या पायाचं बोट काढायच्या आधी तोच वास घरात भरला होता.

गुरांचे डॉक्टर परत आले. वाकून बघितलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“सिस्टर, मी गाई-म्हशींचा माणूस,” ते म्हणाले. “पण एवढं सांगतो, ही पट्टीनं बरी होणारी गोष्ट नाही. गादीची कातडी वेगळी असते. ती तिथं आपोआप परत येत नाही. पाय वरून काढला तर तीन पायांवर कुत्री चालतात, चांगली चालतात. पण हिचं वजन बघा, वय बघा, आणि उजवा पाय आत्ताच असा झालाय. नाहीतर उमरग्याला एक डॉक्टरबाई आहेत. त्या बोटाची गादी मधे आणून बसवतात म्हणे. त्यांना दाखवा.”

“बोटाची गादी म्हंजी?” मामांनी विचारलं.

“एक बोट काढायचं, बाबा.”

मामांनी कुत्रीला उचललं आणि आत नेलं. ती सहज वीस किलोची. त्यांनी कशी उचलली कोण जाणे.

त्या दिवशी जेवताना ते पहिल्यांदा नीट बोलले. त्यांचा धाकटा भाऊ होता, त्यालाही साखर. त्याचं आधी अंगठ्याशेजारचं बोट काढलं. सहा महिन्यांनी पंजा. मग गुडघ्याखाली. मग गुडघ्यावर. मामा दरवेळी त्याच्यासोबत दवाखान्यात होते.

“दर टायमाला डॉक्टर म्हणायचे, एवढंच. एवढं काढलं की झालं,” मामा म्हणाले. “बोटापासनं सुरू व्हतंय आन् माणूस सरंपतोर थांबत न्हाय. हिचं काय बी काढायचं न्हाय. जेवढं चालंल तेवढं चालंल. मी हाय तंवर हिला उचलून फिरवीन.”

“मामा, हिला साखर नाही. हिचं वेगळं आहे.”

“मला शिकवू नको पोरी.”

मी ताटं उचलली. पण दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातून उमरग्याच्या डॉक्टरबाईंना फोन लावला आणि पायाचे फोटो पाठवले. अर्ध्या तासात त्यांचाच फोन आला. आवाज तरुण होता. म्हणाल्या, “ताई, हाडाला लागण झालेली नसेल तर जमेल. पण आठ-दहा दिवसांत या. त्यानंतर मी हात लावणार नाही.”

चार दिवस मी आणि नवरा कुजबुजत होतो. मामांना न सांगता न्यावं, असं त्याचं मत. माझं धाडस होत नव्हतं. शेवटी मी मामांना म्हणाले, “नुसतं दाखवून आणू. बाई काय म्हणतात ते ऐकू. तुम्ही पण चला.” ते तयार झाले. नुसतं दाखवायचं, हे खोटं होतं. डॉक्टरबाईंनी कुत्रीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं आणि मी तसं ठेवलं होतं. मामांना म्हणाले, गाडीत उलटी होईल म्हणून.

उमरग्याचा दवाखाना हायवेवर, एका टायरच्या दुकानाला लागून. दोन खोल्या. बाहेर बाकावर कर्नाटकातनं आलेली एक बाई बोकड घेऊन बसली होती. ट्रक गेला की शटर हलायचं. डॉक्टरबाई तिशीच्या असतील. त्यांनी कुत्रीला टेबलावर घेतलं, पायाचा एक्स-रे काढला, तो बराच वेळ खिडकीशी धरून पाहिला.

“हाड अजून चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. मग मामांकडं वळून, स्वतःचा पंजा उताणा धरून दाखवू लागल्या. “हे बघा बाबा. ही मधली गादी गेली. हे बाहेरच्या बाजूचं बोट आहे ना, त्याची गादी शाबूत आहे. मी या बोटाच्या आतली तिन्ही हाडं काढणार, नखासकट. पण त्याची कातडी आणि गादी कापून वेगळी करणार नाही. रक्ताची शीर तशीच जोडलेली ठेवायची. मग ती गादी अशी मागं दुमडून मधे आणून शिवायची. ती तिथं जगली की हिला टेकायला जागा झाली.”

“आन् जगली न्हाय तर?”

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. “तर पाय वरून काढावा लागेल.”

मामांनी कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. “चला घरी,” ते नवऱ्याला म्हणाले. नवरा हलला नाही. मामांनी तिच्या पोटाखाली हात घातला, आणि मला कळलं की आता ती या दारातून बाहेर गेली की परत यायची नाही. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, “मामा, बांधली मी होती.”

मामांचा हात थांबला. डॉक्टरबाईंना काही कळलं नसणार, पण त्याही थांबल्या.

“मला म्हाईत हाय,” मामा म्हणाले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोरी म्या सोडली व्हती कडीची. गाठ बघितली. तू माझ्या पायाला सहा महिनं पट्टी बांधलीस, तुझी गाठ मला वळखू येत न्हाय व्हय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “वाट बघत व्हतो, आज सांगशील, उद्या सांगशील. रोज म्होरं बसून तिचा पाय धुतीस आन् तोंड उघडत न्हाईस.”

माफी मागावी तर ती फार उशिराची होती. नवरा खाली मान घालून भिंतीला टेकला होता.

मामांनी कुत्रीच्या पोटाखालचा हात काढून घेतला. “आता तूच ठरव,” ते म्हणाले. “मला इचारू नको. जे करशील ते तू करशील.” आणि बाहेर जाऊन बोकडवाल्या बाईशेजारी बसले.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, यांनी आता काहीतरी म्हणावं, धीर द्यावा, नाहीतर नको म्हणावं. त्यांनी कागद पुढं सरकवला. मी सही केली.

त्यांचा मदतनीस त्या दिवशी रजेवर होता. “तुम्ही सिस्टर आहात ना, हात धुवा,” त्या म्हणाल्या. असं करून मी त्या ऑपरेशनला उभी राहिले. नवऱ्याला त्यांनी बाहेर पाठवलं.

भुलीचं इंजेक्शन दिल्यावर कुत्री माझ्या हातावर सैल झाली. जीभ बाहेर आली. मला तिचा श्वास मोजत राहायचं होतं आणि मागितलं ते हातात द्यायचं होतं. डॉक्टरबाईंनी कोपराखाली पट्टा आवळून रक्त थांबवलं आणि आधी मधल्या जखमेवरचं सगळं मेलेलं, पातळ कातडं काढून टाकलं. मग बोटाच्या खालच्या अंगानं उभा छेद घेतला. मी बाळंतपणं पाहिलीत, टाके घातलेत. पण असं काम पाहिलं नव्हतं. शेंग सोलून दाणे काढावेत तसं त्या एकेक हाड मोकळं करत होत्या, आणि शेंगेचं टरफल मात्र कुठं फाटू द्यायचं नव्हतं. “इथं शीर आहे,” त्या स्वतःशीच म्हणायच्या. “इथं जपून.” नखाजवळचं हाड सुटायला सगळ्यात वेळ लागला.

तिसरं हाड निघालं आणि माझ्या लक्षात आलं की मी एकोणीसवर अडकले आहे. पुढचा श्वास आला नव्हता.

“मॅडम, श्वास नाही.”

“किती वेळ?”

“आत्ता. आत्ता थांबला.”

“जीभ ओढा. पुढं ओढा, जोरात. छाती दाबा.” त्यांनी हात पायावरून काढला नाही, नुसती मान वळवली. मी फडक्यानं जीभ धरून ओढली, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं बरगड्या दाबल्या. एकदा, दोनदा. बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. पाचव्यांदा दाबलं तेव्हा तिच्या छातीतून एक घरघर आली, आणि मग एक लांब श्वास. मग दुसरा.

“मोजत राहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गादी दुमडून जागेवर बसवली. पट्टा सोडला. आम्ही दोघी त्या लहानशा काळ्या गादीकडं बघत थांबलो. कडेच्या कातडीला हळूहळू रक्त आलं. मग त्यांनी टाके घातले. बोटाच्या जागी आता एक रिकामी खाच होती, आणि पंजाच्या मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं, एक लहान गादी.

निघताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पाय टेकू द्यायचा नाही, म्हणून खाली पळीसारखा आधार बांधलेला आहे तो हलू द्यायचा नाही. चाटू द्यायचं नाही, म्हणून बूड कापलेली बादली गळ्यात अडकवून ठेवायची. आणि पट्टी दिवसाआड बदलायची, पण सैल, आत दोन बोटं गेली पाहिजेत. तिसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी थोडी हसले. पट्टी बांधायचं मला सांगायचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रीनं गळ्यातली कापलेली बादली कुठंतरी घासून काढली आणि पट्टी अर्धी ओढली. मी जेवायला घरी आले होते आणि घाईत होते, उपकेंद्रात माता तपासणीचा दिवस होता. मी आधार जागेवर बसवला आणि पट्टी परत बांधली. परत निघू नये म्हणून घट्ट बांधली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला घरी आले तर मामा ओसरीवर तिच्यापाशी उभे होते. “ही सारखी रडतीय,” ते म्हणाले. “आन् बोटं बघ.”

पट्टीच्या टोकाला दोन बोटं उघडी ठेवलेली असतात, ती टम्म सुजली होती. हात लावला तर गार. मी डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि नवऱ्याच्या हातात धरायला दिला.

“सोडा,” त्या ओरडल्या. “आधी पट्टी सोडा, मग बोला.”

मी कात्रीनं पट्टी उभी कापली. कापडाचे वळ कातडीत रुतले होते. नवी गादी मुळातच काळी, तिच्याकडं बघून काही कळत नव्हतं. माणसाचं नख दाबून रक्त फिरतंय का बघतो, तसं इथं काही नव्हतं.

“बारीक सुई घ्या आणि गादीला टोचा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्त येतं का सांगा.”

मी गादीच्या पुढच्या कडेला टोचलं. काही आलं नाही. कुत्रीनं पायही मागं घेतला नाही. मामांनी तिचं डोकं धरलं होतं.

“मागं टोचा. शिवणीजवळ.”

टोचलं. मनात मोजायला लागले. वीस झाल्यावर एक थेंब वर आला. जांभळट, काळपट.

“काळं आहे,” मी म्हणाले.

“काळं का असेना, आलं ना? मग थांबू या. शेक नको, चोळायचं नाही. पाय लोंबता ठेवू नका. सैल गुंडाळा आणि उद्या सकाळी परत टोचा.”

फोन बंद झाला. मी मामांना म्हणाले, “माझ्यामुळं झालं. परत माझ्यामुळंच.”

“व्हय,” मामा म्हणाले. “तुझ्यामुळंच. आता रडत बसू नको. पट्टी कर.”

त्यांनी माझी समजूत काढली असती तर मी तिथंच कोसळले असते. त्यांनी काढली नाही, म्हणून हात चालले.

मी पाच दिवसांची रजा टाकली. कुत्रीच्या शेजारी चटई टाकून बसून राहिले. सकाळी टोचायचं, संध्याकाळी टोचायचं, आणि मोजायचं. दुसऱ्या सकाळी थेंब पंधरावर आला. संध्याकाळी बारावर. पण पुढच्या कडेला काही येतच नव्हतं. तिथली कातडी कडक होत चालली होती. ती हद्द कुठवर जाते हे कळावं म्हणून मी शेजारच्या कातडीवर पेनानं खुणा केल्या. मामा दर थोड्या वेळानं विचारायचे, “सरकली का?” मी म्हणायची, “थोडी.” ते उठून शेताकडं जायचे, लगेच परत यायचे. नवरा आता ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारायचा. ते मी खिडकीतून बघायची.

चौथ्या दिवशी खूण सरकली नाही. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी पट्टी सोडली तर चिंचोक्याएवढा काळा तुकडा जाळीला चिकटून निघाला. मामांनी तो पाहिला आणि तोंड फिरवलं. मी खाली वाकून बघितलं. तुकड्याखाली लालभडक, ओलं मांस होतं. उरलेल्या गादीला मी सुई टोचली, आणि कुत्रीनं हिसका देऊन पाय ओढून घेतला, वर माझ्यावर गुरगुरली.

“काय झालं?” मामांनी न बघताच विचारलं.

“दुखलं तिला.”

“मंग?”

“मामा, दुखलं तिला! जिवंत आहे गादी.”

ते वळले. गादीला बोट लावून बघितलं. बराच वेळ बोट तसंच ठेवलं. “गरम हाय,” ते म्हणाले.

त्यानंतरही सोपं काही नव्हतं. दोन टाके उसवले. निघालेल्या तुकड्याची जागा भरायला महिना लागला. उमरग्याच्या चार खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला मामा पुढच्या सीटवर बसून आले. पट्टी मीच करायची, पण बांधून झाली की मामा आपली दोन बोटं आत घालून बघायचे. बोटं जात नसली तर नुसती मान हलवायचे, आणि मी सोडून परत बांधायची. मला राग यायचा नाही.

आधार काढायचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की आधी मऊ मातीत चालवा. शेताला नुकतंच पाणी दिलं होतं. नवऱ्यानं तिला उचलून बांधाच्या कडेला ठेवलं. ती तीन पायांवर उभी, चौथा छातीशी धरलेला. मामा दहा पावलं पुढं गेले आणि पाठ करून उभे राहिले. “ये गं” म्हणाले नाहीत. मी म्हणणार होते, त्यांनी हातानंच मला गप्प केलं. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग पाय खाली आला, मातीला लागला, परत वर गेला. परत खाली आला. मग तिनं तो टेकवला आणि पुढचं पाऊल टाकलं. लंगडत, वाकडं, पण चारी पायांवर ती मामांपर्यंत गेली आणि त्यांच्या पोटरीला नाक लावलं.

मामांनी खाली बघितलं नाही. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि मला म्हणाले, “च्या टाक.”

ती आता दहा वर्षांची आहे. मातीत नीट चालते. डांबरावर पाय उचलते आणि कडेच्या गवतातून जाते. नवी गादी हळूहळू जाड झाली, पण मूळच्या गादीएवढी मोठी काही ती होणार नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, मी खोबरेल लावते. माझ्या स्कूटीमागं ती आता येत नाही. ते पाय दुखतो म्हणून की माझ्यावरचा विश्वास गेला म्हणून, हे मी ठरवत बसत नाही.

डॉक्टरबाईंकडं अशी कुत्री अधूनमधून येतात. ऑपरेशन त्या करतात, पण घरची पट्टी कशी करायची हे मालकांना समजावून सांगायला त्या कधीकधी मला फोन करतात. सुट्टी असली तर मी जाते. गेल्या महिन्यात मुरूमकडचा एक मेंढपाळ आला होता. त्याच्या कुत्र्याचा पंजा ऊसतोडीच्या मशिनीत सापडलेला, त्याचंही तेच ऑपरेशन झालं होतं. मी त्याला पट्टी बांधून दाखवली, सोडली, त्याच्या हातानं बांधून घेतली. माझ्याकडून काय चुकलं होतं तेही सांगितलं. त्यानं आत दोन बोटं घालून बघितली. मग कुत्र्याच्या कानामागं खाजवत बसला.

“अक्का,” शेवटी त्यानं विचारलं, “बोट काढलं म्हून कुत्रं आपल्यावर रुसतंय का?”

“रुसतं,” मी म्हणाले. “चार दिवस हातची भाकरी घेत नाही. बाजूला ठेवून लांब बसायचं.”

“आन् मंग?”

“मग खातं.”

त्यानं मान हलवली, कुत्र्याला खांद्यावर घेतलं आणि हायवे ओलांडायला गाड्या थांबायची वाट बघत उभा राहिला.